वेंगुर्ल्याचा कचरा जातो कुठे?

1981 पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात असलेलं वेंगुर्ले आता सिंधुदुर्गात आहे. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथल्या नगरपरिषदेने घरोघरी कचरा वेगळा करायला लावला. ओल्यापासून बायोगॅस, पालापाचोळ्यापासून जळणाच्या कांड्या, प्लॅस्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात. जुना कचरा डेपो बघायला आता लोक येतात.

कोकणाला याची गरज जास्त. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सड्यावर ढीग टाकला की त्यातून झिरपणारं घाण पाणी जांभ्याच्या छिद्रांतून उताराखालच्या विहिरींत उतरू शकतं. सपाट जागा मुळात कमी, आणि डेपो आपल्या वाडीशेजारी कुणालाच नको असतो.

म्हणून सगळी मदार स्वयंपाकघरावर. खरकटं रद्दीत मिसळलं की ती भंगारवालाही घेत नाही, आणि प्लॅस्टिक मिसळलं की खत बिघडतं. यंत्रं नंतरची गोष्ट. आपल्याकडे उद्घाटन मात्र यंत्राचंच होतं!

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणं बंधनकारक केलं. ज्यांच्या परसात माड आहे, त्यांनी तर ओला कचरा गाडीत टाकूच नये. खड्ड्यात कुजवून आळ्यात घालावा.