रंगाचा डबा उघडण्याआधी भिंत वाचा

संशोधनाची तयारी करताय? मग आधी घराबाहेर या आणि भिंत बघा. बऱ्याच घरांचा रंग जोत्यापासून कमरेपर्यंत पोपडे येऊन सोललेला असतो, वर मात्र ठणठणीत. आमच्या कळंबमध्ये कुणालाही कारण विचारा, उत्तर ठरलेलं: “डबाच बोगस निघाला.” पण डबा वर-खाली एकच होता, पेंटरही तोच. म्हणजे कंट्रोल तुम्हाला भिंतीनेच फुकट दिलाय! खाली वेगळं काय आहे, हा खरा प्रश्न. तो न विचारता दर दोन वर्षांनी परांची, मजुरी आणि डबे यांवर घरं पैसे घालत राहतात.

वेगळं आहे ते पाणी. वीट आणि गिलाव्यात बारीक छिद्रं असतात. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं जमिनीतलं पाणी त्यांतून वर चढतं, साधारण मीटरभर. येताना विरघळलेले क्षार आणतं. पृष्ठभागावर पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. यालाच आपण भिंतीला लोणा लागला म्हणतो. वर ऑइल पेंटसारखा घट्ट थर असेल तर क्षार त्याच्या मागेच साठतात आणि त्याला बाहेर ढकलतात. सोडियम सल्फेट घ्या. 32.4 अंश सेल्सिअसच्या खाली त्याच्या संपृक्त द्रावणातून पाण्याचे दहा रेणू धरलेले स्फटिक तयार होतात आणि त्यांचं आकारमान कोरड्या क्षाराच्या तिपटीहून जास्त भरतं. आता आपल्याकडची मार्चमधली दुपार आणि रात्र आठवा. दोघी या आकड्याच्या दोन बाजूंना!

इथल्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. 1880 च्या दशकात नीरा डावा कालवा आला, पुढे उसाचं पाणी वाढलं, काळ्या रानात पाण्याची पातळी वर आली आणि जमिनी खारावल्या. हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी 1910 मध्येच नीरा खोऱ्यातल्या खारपड जमिनींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. रानात पांढरं फुटणं आणि भिंतीवर लोणा येणं, यंत्रणा एकच.

तर तयारीची सुरुवात खरवडण्यापासून नाही, मोजण्यापासून करा. साधारण 45 सेंटिमीटर चौरस पारदर्शक प्लॅस्टिक भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टी लावून बंद करा. एक तुकडा खाली, एक वर, दोन्ही सावलीत. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर भिंत अजून ओल सोडतेय. थेंब नाहीत म्हणजे भिंत कोरडीच, असं मात्र लगेच लिहू नका. दोन-तीन जागी पुन्हा करा. मग ओलीचा आकार बघा. जमिनीलगत आडवा पट्टा असेल तर पाणी खालून येतंय. गच्चीच्या कोपऱ्याखाली डाग असेल तर पन्हळ तपासा. मोरीच्या मागे असेल तर पाइप.

लोणा कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. पाण्याने धुतलात तर तो विरघळून परत आत जातो, आणि बहुतेक जण धुतातच. जुन्या रंगावर काळं फडकं फिरवा. पांढरी भुकटी लागली तर त्यावर प्रायमरही धरत नाही. गिलावा नवा असेल तर तो खूप अल्कधर्मी असतो, ऑइल पेंटमधल्या तेलाचा त्यात चक्क साबण होतो. अशा भिंतीला महिनाभर तरी द्या.

आणि मुहूर्त! आपल्या दुष्काळी पट्ट्यात पावसाचा जोर सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि रंग दिवाळीच्या आधी. म्हणजे भिंत सगळ्यात ओली असताना आपण तिचं तोंड बंद करतो. फेब्रुवारी कितीतरी बरा. घरचे ऐकत नसतील तर यंदा खालच्या पट्ट्याला नुसता चुना द्या. त्यातून वाफ बाहेर पडते, आणि प्लॅस्टिकचे तुकडे फेब्रुवारीत पुन्हा लावता येतात.