डायलिसिसवाल्याचा वीकेंड: ६८ तासांचं गणित

मागचे काही भाग मोबाइल, ॲप्स आणि नोकरीच्या मुलाखती यांवर झाले, आज विषय जरा वेगळा आहे. बोलता बोलता मी अधूनमधून "तेव्हा मशीनवर होतो" असं म्हणतो, आणि ते कुठलं मशीन असं तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलंय. तर ते डायलिसिसचं मशीन. वय २८, बीटेक, नोकरी सॉफ्टवेअरची, राहायला पुणे, आणि गेली तीन वर्षं दोन्ही किडन्या जवळपास बंद. आईचा रक्तगट जुळतो, पण तिला मधुमेह आहे, त्यामुळे तिची किडनी घेता येत नाही. बाबा नाहीत. नाव प्रतीक्षा यादीत आहे. पार्श्वभूमी एवढी पुरे.

माझ्या टीममधला एक मित्र नेहमी म्हणतो, "तुझं बरंय रे, सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिस, शनिवार-रविवार एकदम मोकळा!" कॅलेंडर बघितलं तर तसंच दिसतं. पण माझ्या शरीराच्या हिशोबात शनिवार-रविवार हाच आठवड्यातला सगळ्यात अवघड पेपर असतो. तो का, हे आधी सांगतो. मग त्यात मजा कशी बसवायची त्याकडे येऊ.

आठवड्याचे तास १६८. तुमच्या किडन्या ते सगळे तास काम करतात, तुम्ही झोपलात तरी. माझं मशीन चार तासांचं एक सेशन अशी तीन सेशन्स करतं, म्हणजे १२ तास. हातातल्या शिरेत दोन सुया. एकीतून रक्त बाहेर जातं, दुसरीतून परत येतं. मधे डायलायझर नावाची प्लॅस्टिकची नळी असते, साधारण फूटभर लांब, आणि तिच्यात केसासारख्या बारीक पोकळ तंतूंचा जुडगा. तंतूंच्या आतून रक्त वाहतं, बाहेरून शुद्ध पाण्यात क्षार मिसळून केलेलं द्रावण वाहतं. तंतूंच्या भिंतीतून युरिया, पोटॅशियम वगैरे त्या द्रावणात झिरपतं आणि साठलेलं पाणी दाबातल्या फरकाने ओढून घेतलं जातं. मिनिटाला ३०० मिलिलिटर या वेगाने चार तासांत ७२ लिटर रक्त त्या नळीतून जातं. अंगात रक्त असतं पाचेक लिटर, म्हणजे तेच तेच पुन्हा पुन्हा फिरतं.

आता गणित. माझी वेळ संध्याकाळी पाच ते नऊ. सोमवारी रात्री नऊ ते बुधवारी संध्याकाळी पाच, ४४ तास. बुधवार ते शुक्रवार, पुन्हा ४४. आणि शुक्रवारी रात्री नऊ ते सोमवारी संध्याकाळी पाच? ६८ तास! सातला तीनने भाग जात नाही आणि सेंटरच्या लोकांना रविवारची सुट्टी हवी (ती हवीच), त्यामुळे एक गॅप लांब राहणार हे ठरलेलं. मंगळवार-गुरुवार-शनिवारवाल्यांचा लांब गॅप रविवार-सोमवारवर येतो, माझा बरोब्बर वीकेंडवर.

हा फरक फक्त कागदावरचा नाही. २०११ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या ३२ हजारांहून जास्त डायलिसिस रुग्णांचा अभ्यास आला होता. लांब गॅप संपतो त्या दिवशी मृत्यूचं प्रमाण १०० रुग्ण-वर्षांमागे २२.१ होतं, बाकीच्या दिवशी १८.०. हृदयाच्या तक्रारींनी दवाखान्यात भरती होणंही त्या दिवशी जास्त. मी हे वाचलं तेव्हा पहिला आठवडाभर रविवारी घराबाहेरच पडलो नाही. मग लक्षात आलं की घरात बसून पोटॅशियम कमी होत नाही. ते काय खाल्लं-प्यायलं त्यावर ठरतं.

तर ६८ तासांत नक्की साठतं काय? मुख्य दोन गोष्टी: पाणी आणि पोटॅशियम. पाण्याचा हिशोब सोपा आहे, वजनकाटा सांगतो. सगळं जादा पाणी काढल्यावर जे वजन उरतं त्याला ड्राय वेट म्हणतात, माझं ५८ किलो. त्यावर चढलेला प्रत्येक किलो म्हणजे ढोबळमानाने एक लिटर पाणी. ते मशीनने किती वेगात काढायचं यालाही मर्यादा आहे. आमच्याकडे किलोमागे तासाला १३ मिलिलिटरच्या पुढे जायचं नाही असा दंडक. ५८ गुणिले १३ गुणिले ४ तास, म्हणजे तीन लिटर झाले. त्याच्या वर गेलं की बीपी पडतं, पायात गोळे येतात आणि मंगळवार पण वाया जातो. म्हणून माझं वीकेंडचं बजेट दोन किलो, फार तर सव्वादोन.

पाणी मोजायची माझी युक्ती सांगतो. मला अजून थोडी लघवी होते, ती धरून डॉक्टरांनी दिवसाला ८०० मिलिलिटर दिलेत. (हा आकडा माझा आहे हं, प्रत्येकाचा वेगळा असतो, कॉपी-पेस्ट करू नका.) सकाळी बाटलीत मोजून ८०० भरतो. एक कटिंग चहा घेतला की तेवढं पाणी बाटलीतून झाडाला ओततो. आमटी, ताक, आइसक्रीम सगळ्याला हाच नियम. बाटली रिकामी झाली की दिवसाचा कोटा संपला. आईची कुंडीतली तुळस माझ्या चहावर जगते.

पण खरं सांगायचं तर पाण्यापेक्षा मोठा व्हिलन मीठ आहे. मीठ खाल्लं की तहान लागते, आणि अंगात मीठ जास्त असेल तर ती तहान नुसत्या मनाच्या निग्रहाने मारता येत नाही. लोणचं, पापड, फरसाण, इन्स्टंट नूडल्स, हॉटेलची ग्रेव्ही हे शनिवारी खाल्लं की रविवारी बाटली दुपारीच संपते. आणि एक लक्षात ठेवा, बाजारात 'लो सोडियम' म्हणून जे मीठ मिळतं त्यात सोडियमच्या जागी बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. बीपीवाल्या काकांना ते चालत असेल, माझ्यासारख्याला ते धोक्याचं.

आता माझ्या वीकेंडकडे येऊ. शुक्रवारची रात्र मी कुणालाच देत नाही. मशीनवरून उठल्यावर अंगातली सगळी हवा गेल्यासारखं होतं, आणि रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपॅरिनचा असर काही तास राहतो, त्यामुळे धडपडायचं कामच नको. घरी येऊन वरणभात खायचा आणि झोपायचं. शनिवारची सकाळ मात्र माझी आठवड्यातली सगळ्यात भारी वेळ. रक्त ताजं धुतलेलं, थकवा उतरलेला. म्हणून अंगमेहनतीचं जे काही असेल ते शनिवारी, आणि बसून करायचं ते रविवारी. एवढं एक ठरवलं आणि निम्मं कोडं सुटलं.

माझा मोठा छंद म्हणजे ढोल. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून पथकात आहे. पुण्याबाहेरच्यांसाठी सांगतो, गणपतीच्या आधी दोन महिने नदीकाठी सराव असतो आणि वीकेंडला तो सगळ्यात जोरात असतो. किडनीचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक हे मशीनचं. दुसरा पोटाचा, म्हणजे पेरिटोनियल डायलिसिस: पोटात कायमची एक नळी, तिच्यातून साधारण दोन लिटर द्रावण आत सोडायचं, काही तासांनी काढायचं, दिवसातून तीन-चार वेळा, किंवा रात्री झोपेत छोट्या मशीनवर. ते घरी होतं, सेंटरच्या चकरा नाहीत, लांब गॅप नाही, फिरायलाही मोकळीक जास्त. नोकरी करणाऱ्या तरुण माणसाला ते खूप सोयीचं पडू शकतं, आणि मला वाटतं आपल्याकडे त्याबद्दल पुरेसं बोललंच जात नाही. पण मी विचारलं, "डॉक्टर, ढोल कमरेला बांधतात, पोटावर टेकतो. चालेल?" ते हसले नाहीत, वहीत लिहून घेतलं. म्हणाले, पोटातली नळी आणि वर ढोल, हे नको. मग मी मशीन घेतलं. उपचार निवडताना छंद हा मुद्दा असू शकतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर बिनधास्त विचारा, लाजू नका.

गंमत पुढे आहे. मशीनसाठी हातात फिस्तुला करतात, म्हणजे धमनी आणि शीर एकमेकांना जोडतात. काही आठवड्यांत शीर फुगते, जाड होते, आणि बोट ठेवलं की आत मांजर गुरगुरतंय अशी थरथर लागते. ती थरथर रोज तपासायची, बंद पडली तर लगेच दवाखाना. त्या हातावर बीपी मोजायचं नाही, रक्त काढू द्यायचं नाही, घट्ट घड्याळ नाही, जड पिशवी अडकवायची नाही. फिस्तुला शक्यतो कमी वापराच्या हातात करतात, माझा डावा. आणि ढोल वाजवताना उजव्या हातात टिपरू असतं, डाव्याने थाप द्यायची! जोड मनगटाजवळ आहे. हात वापरायला, हलका व्यायाम करायला सर्जनची ना नव्हती, पण तास-दोन तास थापा मारणं आणि ढोलाची कड हातावर आपटणं त्यांना पसंत पडलं नाही.

महिनाभर सरावाला गेलोच नाही. मग आमच्या पथकातल्या एका ताईनेच मार्ग काढला. पथकात टोल असतो, गाड्यावर टांगलेली धातूची जाड तबकडी, तिच्यावर एका हाताने हातोडी मारायची. ठोका चुकला तर अख्खं पथक घसरतं. ताई म्हणाली, "तुझा ठोका पक्का आहे, ये इकडे." गेली दोन वर्षं मी टोलावर आहे. ढोलाची सर नाही, हे मी लपवत नाही. समोरची रांग ढोल उचलते तेव्हा अजून पोटात तुटतं. पण शनिवारी दुपारी चार वाजता मी तिथे असतो. जाताना आणि आल्यावर वजन करतो, कारण घाम किती गेला हे अंदाजाने ठरवलं की आपण स्वतःला हमखास एक ग्लास जास्त बक्षीस देतो.

पावसाळा सोडून बाकीच्या शनिवारी सिंहगड. आधी पाऊण तासात चढायचो, आता दीड तास लागतो, कारण हिमोग्लोबिन कमी असतं. किडनी रक्तपेशी वाढवणारं एक हार्मोन बनवते, ते बंद झालं की इंजेक्शनवर भागवावं लागतं. चढण्यापेक्षा वर पोहोचल्यावरची परीक्षा मोठी. मित्र सांगतात, "अरे नारळपाणी घे, नॅचरल आहे." नॅचरल आहे, पण एका ग्लासात साधारण ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम आहे, आणि माझा दिवसाचा कोटा २००० च्या आसपास. रक्तात पोटॅशियम वाढलं की हृदयाची लय बिघडते, कधीकधी आधी काही इशारा न देता. केळं, बटाटा, टोमॅटो, सुका मेवा, सगळं याच यादीत. बटाटा खायचाच असेल तर सोलून, पातळ कापून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकायचं, बरंचसं पोटॅशियम त्यात उतरतं. कमरख हे फळ मात्र कसंही करून नाही. त्यातलं एक द्रव्य किडनी बंद असलेल्यांच्या मेंदूवर परिणाम करतं, आणि त्याने माणसं दगावली आहेत. मग गडावर मी काय खातो? ज्वारीची अर्धी भाकरी, थोडं पिठलं, दोन कांदाभजी. मडक्यातलं दही मित्राच्या मडक्यातून दोन चमचे. चव कळायला दोन चमचे पुरतात.

रविवार बसायचा. सकाळी कॅरम, दुपारी या पॉडकास्टचं रेकॉर्डिंग. एडिटिंग मी मशीनवरच करतो. डावा हात सुयांमुळे हलवायचा नसतो, पण उजव्या अंगठ्याने फोनवर चार तासांत बरंच काम होतं. रेकॉर्डिंग तिथे करत नाही, मशीनचा अलार्म मधेच बोंबलतो. रविवार संध्याकाळपासून जेवण साधं आणि कमी, कारण गॅपचा शेवटचा टप्पा तोच. रात्री आडवं झाल्यावर दम लागला, छातीत धडधड झाली किंवा पाय अचानक गळून गेल्यासारखे वाटले, तर सोमवारची वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सी गाठायची. तेवढ्यासाठी बॅग भरून दाराशी ठेवलेली असते.

ट्रिपचं काय? जमते. शुक्रवारी रात्रीच्या बसने मी निघत नाही. शनिवारी पहाटे निघून सोमवारी दुपारपर्यंत परत, यात कोकण आरामात होतं. त्याहून लांब जायचं तर तिथल्या सेंटरमध्ये आधी जागा ठरवायची. त्यांना एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी यांचे ताजे रिपोर्ट लागतात, शिवाय ड्राय वेट, हेपॅरिनचा डोस आणि शेवटच्या काही सेशनच्या नोंदी. मी हे सगळं एका पीडीएफमध्ये फोनवर ठेवलंय. गेल्या डिसेंबरमध्ये ग्रुपने गोव्यात "अजून एकच दिवस थांबू" म्हटलं, तेव्हा मी एकटा रेल्वेने परत आलो. वाईट वाटलं, पण ६८ चे ९२ तास करायचे नाहीत हा माझा एकमेव न बदलणारा नियम आहे.

आणि तुमचा मित्र डायलिसिसवर असेल तर त्याला प्लॅनमधून परस्पर वगळू नका, "त्याला झेपणार नाही" हे त्यालाच ठरवू द्या. बोलवा, वार आणि वेळ आधी सांगा, आणि तो ग्लास अर्धा ठेवून उठला तर आग्रह करू नका.

पुढच्या भागात डायलिसिस आणि नोकरी: रात्रीचे रिलीज, घरून काम, आणि इन्शुरन्सचे फॉर्म. तुमचे प्रश्न पाठवा, आवाजी मेसेज असेल तर उत्तमच, पण एका मिनिटाच्या आत हां. भेटू!