सुट्टीत कपाटात ठेवलेला टॅब

परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा सहज ४३-४४ अंशांवर जातो. शाळा बंद असतात आणि शाळेचे टॅब लोखंडी कपाटात कुलूपबंद. ‘महाज्योती’ या सरकारी संस्थेकडून जेईई, नीट किंवा सीईटीच्या तयारीसाठी मिळालेला टॅबही परीक्षा झाली की पत्र्याच्या घरात एखाद्या फळीवर पडून राहतो. जूनमध्ये बाहेर काढावा तर काही टॅब सुरूच होत नाहीत, काहींची बॅटरी तासाभरात उतरते, एखाद्याची पाठ फुगलेली असते. मग चार्जरला, लाईटला, कंपनीला दोष दिला जातो. पण बहुतेक वेळा नुकसान त्या पडून राहण्याच्या काळातच झालेलं असतं.

टॅबमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती बाजारात आणली. तिचा पाया घालणारे जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. चार्ज होताना लिथियमचे आयन धातूच्या ऑक्साइडमधून निघतात आणि समोरच्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत शिरतात, वापरताना परत फिरतात. याशिवाय आत एक नको असलेली अभिक्रियाही चालू असते. ग्रॅफाइटवर आतल्या द्रवाचं विघटन होऊन पातळ थर साचत जातो आणि त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं. जेवढं अडकलं तेवढी क्षमता गेली. उष्णतेत ही अभिक्रिया वेग घेते आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर नुकसान आणखी वाढतं.

किती वाढतं, याचे ढोबळ आकडे बोलके आहेत. २५ अंशांना ४० टक्के चार्ज ठेवलेल्या बॅटरीची वर्षभरानंतर सुमारे ९६ टक्के क्षमता उरते. तीच ४० अंशांना, पूर्ण भरून ठेवली तर साधारण ६५ टक्केच. म्हणजे ‘ठेवायच्या आधी फुल्ल चार्ज करा’ हा आपल्याकडचा सल्ला परभणीच्या उन्हाळ्यात सगळ्यात महागात पडणारा आहे.

रिकामी ठेवणंही तितकंच वाईट. टॅब बंद असला तरी बॅटरी हळूहळू उतरतच असते. सेलचा विद्युतदाब फारच खाली गेला तर आतलं तांबं विरघळू लागतं, म्हणून संरक्षक सर्किट बॅटरी तोडून टाकतं. असा ‘मेलेला’ टॅब चार्जरला लावला की सुरुवातीला अगदी बारीक प्रवाह जातो आणि स्क्रीनवर काहीच दिसत नाही. पाच मिनिटांत निराश होऊन वायर काढू नका. त्याच्याच चार्जरवर किमान अर्धा तास राहू द्या, मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. बरेच टॅब एवढ्यावर उठतात.

आता झोपेची गोष्ट. स्क्रीन काळी झाली म्हणजे टॅब बंद झाला असं नाही. मेमरी जागी असते, नेटवर्कशी बोलणं चालू असतं. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ‘डोझ’ ही सोय आली. टॅब न हलता पडून असेल तर ती अ‍ॅपना ठरावीक अंतरानेच जागं होऊ देते. तरीही एखादं अ‍ॅप प्रोसेसरला झोपू न देण्याची परवानगी धरून बसतं आणि सकाळी बॅटरी अर्ध्यावर आलेली असते. सेटिंगमधल्या बॅटरीच्या यादीत असा चोर नावासकट दिसतो. जिंतूरच्या डोंगराळ भागात सिम असलेल्या टॅबचं आणखी एक दुखणं असतं: रेंज कमी असली की तो टॉवरपर्यंत पोचायला जास्त शक्ती खर्च करतो. रात्री एअरप्लेन मोड लावला तर हा खर्च थांबतो. कव्हरमधलं चुंबक सरकलं तर दप्तरात हिंदकळून टॅब पुन्हा पुन्हा जागा होतो, तेही तपासा.

चार्जिंग सावकाश होतं म्हणून लाईटच्या कमी दाबाला बोल लावणं मात्र चुकीचं. बहुतेक अ‍ॅडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत नीट चालतात. धोका असतो तो न्यूट्रल तुटून दाब एकदम वाढण्याचा. सावकाश चार्जिंगचं खरं कारण बहुधा अ‍ॅडॅप्टरच असतो. ६,००० एमएएचच्या बॅटरीत साधारण २२ वॉट-तास ऊर्जा मावते. १० वॉटचा चार्जर ती तीनेक तासांत भरतो. लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी खाचेतून अडीच वॉटच मिळतात, म्हणजे नऊ-दहा तास. त्यात व्हिडिओ चालू असेल तर चार्जिंगला लावूनही टक्के घटतात. शेवटचे वीस टक्के तर मुद्दाम सावकाश भरले जातात: भरलेल्या एसटीत शेवटचे प्रवासी चढवायला वेळ लागतो, तसंच.

दुपारी गोधडीवर ठेवून चार्ज करू नका. बॅटरीचं तापमान ४५ अंशांच्या पुढे गेलं की अनेक टॅब स्वतःच चार्जिंग थांबवतात. तो बिघाड नव्हे, बचाव आहे. तापलेला टॅब फ्रीजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं. फरशीवर सावलीत ठेवला की पुरे. पहाटे किंवा रात्री उशिरा, कव्हर काढून चार्ज करणं सगळ्यात चांगलं.

मुख्याध्यापकांना आणि पालकांना विनंती एवढीच, की सुट्टी लागण्याच्या दिवशी प्रत्येक टॅब निम्म्यापर्यंत चार्ज करा, झोपवू नका, पूर्ण बंद करा, पत्र्याखाली न ठेवता स्लॅबच्या सर्वांत थंड खोलीत ठेवा आणि मेच्या मध्यावर एकदा कुणीतरी चार्ज बघून घ्या. पाठ फुगलेली दिसली तर तो टॅब चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका. दुरुस्ती केंद्रात नेऊन बॅटरी बदलून घ्या.