मांडव आणि वेल

'अंग बाहेर येणे' हा शब्दप्रयोग आमच्या पलूस भागात बायकांच्या तोंडी असतो, पण पुरुषांच्या कानी पडणार नाही अशा बेताने. त्यावर उपायही ठरलेला: "पिशवी काढून टाक." मी कला शाखेची विद्यार्थिनी, वैद्यकाशी संबंध वाचनापुरता. तरीही लिहिते, कारण दोष बहुधा पिशवीचा नसतोच.

द्राक्षबागेतला मांडव आठवा. वेल खांबांवर आणि तारांवर पेललेला असतो. गर्भाशयाचेही तसेच. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, ती खांबांच्या जागी. गर्भाशयाच्या मुखापासून मागे त्रिकास्थीकडे आणि दोन्ही बाजूंना श्रोणीच्या भिंतींकडे जाणारे संयोजी ऊतींचे पट्टे, या तारा. त्यांना अस्थिबंध म्हणतात खरे, पण गुडघ्यातल्यासारखे ते चिवट दोर नव्हेत. सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ते जाळे: बळकटीसाठी कोलॅजनचे तंतू, लवचिकतेसाठी इलॅस्टिन, थोडे अरेखित स्नायू, मधून रक्तवाहिन्या व नसा, आणि तंतू घडवणाऱ्या पेशी.

खांब भक्कम असेतो तारांवर फारसा भार येत नाही. बाळंतपणात स्नायू फाटले वा सैलावले की वजन तारांवर येते, आणि सतत ताणलेली तार लांबत जाते. ओझी, जुनाट खोकला, मलावरोध, पाळी गेल्यावर घटणारे इस्ट्रोजेन यांची त्यात भर. (बाळंतिणीला शेतात लवकर जुंपणाऱ्या घरांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.)

या ऊतींचे मोल ओळखणारे एक मोठे नाव आपलेच आहे. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९-१९७१) मूळचे गोव्याचे, कर्मभूमी मुंबई. गर्भाशयाचे मुखही मुख्यतः संयोजी ऊतींचे. ते कच्चे असले की दिवस भरण्याआधी उघडते. शिरोडकरांनी मांडीतल्या पांढऱ्या चिवट पटलाची पट्टी घेऊन ते बांधले. १९५५ साली प्रसिद्ध झालेली ही शस्त्रक्रिया जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. अंग बाहेर येण्यावरही, गर्भाशय न काढता त्याला नवा आधार देणारी शस्त्रक्रिया त्यांनी बसवली.

वेल तोडल्याने तारा ताठ होत नाहीत. नुसती पिशवी काढली आणि आधार दुरुस्त केला नाही, तर पुढे योनीचा वरचा भागच खाली उतरू शकतो. सुरुवातीच्या अवस्थेत लघवी अडवताना आवळतात ते स्नायू रोज आवळण्याचा व्यायाम उपयोगी पडतो. शस्त्रक्रिया नको असेल तर योनीत आधाराची सिलिकॉनची कडी बसवता येते. त्याला भूल लागत नाही, आणि बाई त्याच दिवशी घरी जाते.