गाडी ऑइल पिते, म्हणून इंजिन गेलं?

एमएच-३६ पासिंगची, पंधरा वर्षं उलटलेली मारुती ८०० किंवा इंडिका मिस्त्रीपुढे उभी करून ‘ऑइल कमी होतं’ एवढं म्हटलं, की पुढचं वाक्य बहुतेकदा ठरलेलं असतं : रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागेल. कधी कधी ते खरंही असतं. पण संशयितांच्या रांगेत रिंगांचा नंबर शेवटचा हवा. तिथवर पोहोचण्याआधी तपासायच्या गोष्टी स्वस्त आहेत आणि त्यातल्या निम्म्या घरीच तपासता येतात.

‘चांगली गाडी थेंबभरही ऑइल पीत नाही.’ पिते. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर राहावाच लागतो आणि त्यातलं थोडं जळतंच. काही कंपन्या तर हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतचा खप चालेल असं म्हणतात. मला ही सूट जरा जास्तच सैल वाटते. जुन्या छोट्या गाडीत हजारला अर्धा लिटर गेलं, तर कारण शोधायला लागावं. मात्र आधी मोजावं. सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, पट्टीवरच्या वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. भंडारा-नागपूर अप-डाऊन करणाऱ्याचे आठ फेऱ्यांत जवळपास हजार किलोमीटर होतात. मग त्याच जागी, तशीच पट्टी बघून, पुन्हा वरच्या खुणेपर्यंत किती ओतावं लागलं ते मापाने मोजा. ‘लई पिते’ यापेक्षा ‘हजारला सहाशे मिली’ हे सांगणं मिस्त्रीच्याही सोयीचं.

‘लाल दिवा लागला नाही, म्हणजे ऑइल आहे.’ तो दिवा पातळीचा नव्हे, दाबाचा. तो लागेपर्यंत पंप हवा ओढू लागलेला असतो आणि बेअरिंगं कोरडी पडायला लागलेली असतात.

‘गावात कमी होत नाही, हायवेवर नेली की एकदम पिते.’ यात गंमत आहे. गांधी चौकापर्यंत जाऊन परतणाऱ्या पेट्रोल गाडीचं इंजिन नीट तापतच नाही. न जळालेलं पेट्रोल थोडं थोडं चेंबरात उतरतं आणि पट्टीवरची पातळी आहे तिथेच दिसते. मग एक दिवस गाडी साकोलीमार्गे रायपूरला निघते, ऑइल तापतं, पेट्रोल उडून जातं आणि महिनोन् महिन्यांची घट एकाच दिवशी उघडी पडते. हायवेचा दोष असलाच तर थोडाच.

‘निळा धूर म्हणजे रिंगा.’ निळा धूर ऑइल जळाल्याचा खरा, पण तो कधी निघतो यावर सगळं अवलंबून आहे. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताच एक भपका आला आणि थांबला, तर संशय वॉल सीलवर. त्या रबराच्या टोप्या वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतात आणि ऑइल रात्री झिरपून खाली उतरतं. साठच्या वेगाला गिअरमध्येच ॲक्सिलरेटर सोडा, चार-पाच सेकंदांनी पुन्हा दाबा. मागून येणाऱ्या मित्राला तेव्हा भपका दिसला, तरीही बोट वॉल सील आणि गाइडकडेच. जोर लावताना सतत धूर निघत असेल, तर मात्र रिंगांचा विचार करावा. धूर दिसलाच नाही म्हणून निर्धास्तही राहू नये, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत थोडा धूर तिथेच जिरतो. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. त्यात पास झालेली गाडी ऑइल पीत नाही, असं ते प्रमाणपत्र म्हणत नाही.

‘ऑइलचं झाकण उघडलं की वाफा येतात, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन.’ जुन्या डिझेलमध्ये थोडी वाफ येणारच. आधी ब्रीदरचा पाइप आणि पीसीव्ही वॉल काढून बघा. ते काजळीने तुंबले, की आतला दाब वाट मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो, आणि सील-पॅकिंगं गळू लागतात. ही सफाई शे-दोनशे रुपयांत होते. गळती शोधायला रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा. पण पुठ्ठा कोरडा निघाला म्हणून सुटका नाही. चालत्या गाडीत टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून किंवा ऑइल प्रेशर स्विचमधून निघालेलं ऑइल वाऱ्याने मागे पसरतं आणि धूळ त्यावर बसते. ओलसर काळा थर जिथून सुरू होतो, ती जागा पकडायची.

‘जाड ऑइल टाका, थांबेल.’ खप थोडा कमी होईल, पण मूळ कारण जाईल कुठे? मे महिन्यात भंडाऱ्यात पारा ४५च्या आसपास जातो, म्हणून ऑइल पातळ होऊन उडतं, हाही समज तसाच. इंजिनातलं ऑइल थंडीतही नव्वद-शंभर अंशांवरच काम करतं. २०डब्ल्यू-५० मधला ५० हा आकडा शंभर अंशांवरच्या घट्टपणाचाच. उन्हाळ्याचा खरा धोका रेडिएटर तुंबलेला असण्यात आहे : गाडी एकदा उकळली, की रिंगांचा ताण जातो. दुसरा शत्रू धूळ. धानाच्या मळणीच्या आणि वाळूच्या ट्रकांच्या दिवसांत एअर फिल्टरच्या पाइपला चीर असेल, तर सिलिंडर वाळूने घासला जातो.

आता रिंगा. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये आकडा कमी आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर वॉल. पण आकडा चांगला आला तरी ऑइल रिंग कार्बनने जाम असू शकते, कारण कॉम्प्रेशन वरच्या रिंगा धरतात. टोयोटाच्या २.४ लिटर इंजिनाचं अमेरिकेत असंच झालं. गाड्या बऱ्यापैकी नव्या असतानाही ऑइल प्यायच्या, आणि कंपनीने वाढीव वॉरंटीत पिस्टन-रिंगा बदलून दिल्या. आपल्याकडे जाम होण्याचं नेहमीचं कारण साधं आहे : ऑइल बदलायला वेळेवर न नेणं.

रिंगा खरंच गेल्या असतील, तरी लगेच इंजिन खोलायलाच हवं असं नाही. चार-पाचशे रुपयांचं लिटरभर ऑइल डिकीत ठेवून दर रविवारी पट्टी बघत काही वर्षं काढणारे लोक मूर्ख नाहीत. प्लग वारंवार काळे होऊन मिसिंग सुरू झालं, की मात्र हिशेब पुन्हा मांडावा.