ओढ्यावर चालणारा कारखाना

सांताक्रूझ मागे टाकून हायवे १ ने उत्तरेला निघालं, की दोनेक मैलांवर डाव्या हाताला वाइल्डर रँच लागतं. सुमारे ७,००० एकरांचं हे स्टेट पार्क. सॅन होजे, सनीव्हेलकडची मराठी मंडळी इथे येतात ती बहुधा समुद्रकड्यावरून चालायला. गाडी लावायची, जुने गोठे ओलांडायचे आणि थेट किनारा गाठायचा. पण या जागेचं मर्म गोठ्यांशेजारच्या वर्कशॉपमध्ये आहे. आधी तिथे डोकवावं.

मुळात ही ओलोनी लोकांची भूमी. मग सांताक्रूझच्या मिशनची गुरं इथे चरू लागली. पुढे ही जमीन होसे बोल्कॉफ या मूळच्या रशियन खलाशाकडे आली. त्याच्या काळातलं कच्च्या विटांचं घर आजही आवारात उभं आहे. १८७१ मध्ये डी. डी. वाइल्डर यांनी भागीदारीत डेअरी काढली, १८८५ मध्ये वाटणी झाली आणि खालचा निम्मा भाग वाइल्डरांना मिळाला. इथलं लोणी सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारात जाई.

डेअरी म्हणजे रोजचं राबणं. त्यातलं बरंचसं वाइल्डरांनी ओढ्यावर सोपवलं. वरच्या अंगाला पाणी अडवून ते नळाने खाली आणलं आणि पेल्टन चाकावर सोडलं. चाकाचा दांडा फिरला, की पट्ट्यांवरून लेथ, ड्रिल सगळं फिरे. १८९० च्या दशकात त्याच पाण्यावर डायनॅमो चालला आणि घरात विजेचे दिवे लागले.

लेस्टर पेल्टन कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींच्या मुलखात काम करणारा कारागीर. त्याचं पेटंट १८८० चं. त्याच्या चाकाच्या कडेने लोखंडी वाट्यांच्या जोड्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येक जोडीच्या मधोमध एक धारदार कणा असतो. तोटीतून सुटलेली पाण्याची धार नेमकी या कण्यावर आदळते, दुभंगते आणि वाट्यांच्या वळणावरून जवळजवळ उलटी फिरून बाहेर पडते. वाटीचा वेग धारेच्या वेगाच्या निम्मा राखला, की पाण्यातला जवळपास सगळा जोर चाकात उतरतो. चालत्या चाकाखाली वाकून पाहिलं तर हे कळतं: वर सुसाट आलेलं पाणी खाली नुसतं गळत असतं. जुन्या चाकांच्या सपाट फळ्यांवर हेच पाणी आपटून चौफेर उडे आणि जोर वाया जाई.

पाणी थोडं पण उंची भरपूर, अशा ठिकाणी या चाकाला तोड नाही. म्हणूनच ते सह्याद्रीतही आलं. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी ५०० मीटरहून अधिक खाली उतरवून टाटांनी खोपोलीला १९१५ मध्ये वीज काढली, ती पेल्टन टर्बाइनवरच. कोयनेच्या पोफळीच्या वीजघरातही तीच जात. घाटाखाली गिरण्यांना पुरलेली युक्ती वाइल्डर रँचवर एका शेतकऱ्याने घरच्या लेथला जुंपली होती.

वर्कशॉपमधून बाहेर पडून ओल्ड कोव्ह लँडिंगची वाट धरावी. एका हाताला ब्रसेल्स स्प्राउट्सची शेतं, दुसऱ्या हाताला कडा. ज्या सपाटीवर ही शेती आहे ती एके काळी समुद्राच्या लाटांनी तासलेली आणि मग जमिनीबरोबर वर उचलली गेलेली. खालच्या खडकांवर सील पहुडलेले असतात. पुढे एका कपारीत छतातून झिरपणाऱ्या पाण्यावर नेच्यांची झुंबरं लटकतात. वाइल्डर बीचवर मात्र उतरता येत नाही. ती वाळू स्नोई प्लोव्हर या चिमुकल्या पक्ष्याच्या घरट्यांसाठी राखलेली आहे.

हे सगळं वाचलं ते थोडक्यात. १९७० च्या सुमारास जमिनीवरचा कर कुटुंबाला झेपेनासा झाला आणि इथे १०,००० घरांची वसाहत उठवायचा बेत पुढे आला. सांताक्रूझच्या नागरिकांनी ‘ऑपरेशन वाइल्डर’ नावाने मोहीम उभारून तो हाणून पाडला. १९७४ मध्ये राज्याने जमीन विकत घेतली.

जमीन राखायची तर तिथली कामंधामं बंद करायची, असा सरकारी खाक्या असतो. वाइल्डर रँचने तो पाळला नाही. शेतं खंडाने कसली जातात, कोंबड्या-घोडे आहेत आणि स्वयंसेवक यंत्रं चालवून दाखवतात. ही प्रात्यक्षिकं रोज नसतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. सील कधीही दिसतील. पट्टे फिरताना पाहायचे तर दिवस साधावा लागतो.