केले कुणी, करविले कुणी?

दिवाळीच्या आधी सहामाही परीक्षा येते आणि सहामाहीच्या आधी घरोघर एक विशिष्ट घोष सुरू होतो. ‘राम रावणाला मारतो, रावण रामाकडून मारला जातो. मी पत्र लिहितो. पत्र माझ्याकडून लिहिले जाते.’ मुलाचा इंग्रजीचा अभ्यास चाललेला असतो. ‘चेंज द व्हॉइस’ या तीन शब्दांच्या हुकुमाने बिचारा रावण कितीतरी वर्षे असा उलटून-पालटून मारला जात आहे! त्यापुढच्या धड्यात ‘मेक, गेट, हॅव, लेट’ ही प्रयोजकांची चौकडी आणि आणखी पुढे ‘मायसेल्फ, हिमसेल्फ’ ही आत्मवाचक मंडळी. पणजोबांनी हे सारे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून गिरवले, वडिलांनी रेन आणि मार्टिनच्या जाडजूड व्याकरणावरून, आणि चिरंजीव मोबाइलवर गिरवीत आहेत. साधने बदलली, कपाळावरची आठी मात्र तीच.

ती पडण्याचे मुख्य कारण असे, की हे तीन धडे आपण तीन निरनिराळी संकटे म्हणून पाठ करतो. वास्तविक ती एकाच प्रश्नाची तीन अंगे आहेत. केले कुणी, करविले कुणी आणि केलेले पडले कुणावर? एवढा प्रश्न मनाशी विचारला, तर निम्मे व्याकरण आपोआप उलगडते. आणि हा प्रश्न परीक्षेपुरता मुळीच नाही.

पहिल्याने रामरावणाकडेच वळू. इंग्रजीच्या तासाला ‘पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी प्रयोग’ असे सांगून मोकळे होण्याची जुनी चाल आहे. घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ हे वाक्य मराठी व्याकरणात कर्मणी. कारण क्रियापद आंब्याच्या कलाने चालते. आंब्याऐवजी कैरी आणली, की ‘खाल्ली’ होते. पण याचे इंग्रजी ‘राम एट अ मँगो’ असे सरळच होते. तेथे ‘बाय राम’ नको आणि ‘वॉज ईटन’ही नको. मराठीतला प्रयोग पाहतो क्रियापद कुणाशी जुळते ते. इंग्रजीतला व्हॉइस पाहतो वाक्याच्या पाटावर कर्त्याला बसवले की कर्माला, ते.

मग आपल्या भूतकाळात कर्माचा एवढा मान का? याला इतिहास आहे. संस्कृतात ‘रामेण आम्रं खादितम्’ असे म्हणत. त्या ‘कृत’, ‘गत’, ‘मृत’ अशा रूपांतूनच प्राकृताच्या वाटेने आपले ‘केला’, ‘गेला’, ‘मेला’ आले आणि येताना कर्माशी जुळण्याची जुनी सवय बरोबर घेऊन आले. म्हणून आंबा खाताना कर्ता ‘रामाने’ असा तृतीयेत उभा राहतो. अपवाद आहेतच. धडा ‘शिकलो’, नाव ‘विसरलो’, पाणी ‘प्यालो’, येथे कर्ता आपली गादी सोडत नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण लिहिले, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली आले. एवढ्या काळात विद्वानांनी या प्रयोगांवर किती शाई खर्च केली असेल, याची गणती नाही! ‘रावण रामाकडून मारला गेला’ या धाटणीला तर शाळेतल्या पुस्तकांत ‘नवीन कर्मणी’ असे वेगळे नावच आहे. इंग्रजीच्या सहवासाने ती बोकाळली. एरवी आपल्या आजीचा रावण ‘रामाच्या हातून’ मरत असे.

इंग्रजीत पॅसिव्ह केव्हा वापरावा, याचे मर्म ‘बाय’च्या पाठांतरात नाही. कर्ता ठाऊक नसला, सांगण्याजोगा नसला किंवा सर्वांना ठाऊकच असला, की तेथे पॅसिव्ह शोभतो. ‘माय पॉकेट वॉज पिक्ड’ म्हणताना खिसेकापूचे नाव कोण देणार? आपली पुष्कळ मुले ‘आय बॉर्न इन पुणे’ असे म्हणून जातात, कारण मराठीत आपण नुसते ‘जन्मलो’. पण ‘बेअर’ या क्रियापदाचा कर्ता आहे आई. तिने जन्म दिला, म्हणून आपण ‘वॉज बॉर्न’. त्या लहानशा ‘वॉज’च्या मागे आई उभी आहे, एवढे मुलाला सांगावे. मग तो शब्द गाळण्याची त्याची छाती होणार नाही.

आता करविणाऱ्यांकडे वळू. मराठीला यासाठी ‘व’ नावाचे एक गुणी अक्षर लाभले आहे. हसणे-हसवणे, बसणे-बसवणे, शिकणे-शिकवणे. काही ठिकाणी तर आतला स्वरच ताणला जातो. पडणे-पाडणे, मरणे-मारणे. इंग्रजीतही अशा जोड्यांचे जुने अवशेष आहेत. ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे बसवणे; ‘राइज’ म्हणजे उठणे, ‘रेज’ म्हणजे उठवणे; ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे. (परीक्षेतले ‘फेल’ वेगळे, त्याची ओळख नसलेली बरी.) परंतु आज इंग्रजीची मुख्य भिस्त त्या चौकडीवरच आहे.

एका सहीचे उदाहरण घेऊ. ‘आय मेड हिम साइन’ म्हणजे मी त्याला सही करायला लावली. ‘आय गॉट हिम टु साइन’ म्हणजे त्याचे मन वळवून सही मिळवली. ‘आय हॅड हिम साइन’ म्हणजे त्याला सांगून सही करवून घेतली. ‘आय लेट हिम साइन’ म्हणजे त्याला सही करू दिली. कागद एक, शाई एक, सही एक. पण उद्या तो कागद कोर्टात गेला, तर सारा खटला या चार क्रियापदांपैकी कोणते खरे यावर उभा राहील! चौघांत ‘टु’ लागतो फक्त ‘गेट’ला. मन वळवायला मध्ये थोडा वेळ जातोच, असे मुलांना सांगावे म्हणजे लक्षात राहते. मात्र ‘मेक’चा पॅसिव्ह केला, की तेथेही ‘टु’ येऊन बसतो. ‘ही वॉज मेड टु साइन.’ बहुतेकांचे मार्क जातात ते येथे.

घरातले उदाहरण तर याहून गमतीचे. ‘मी केस कापले’ असे आपण बेधडक म्हणतो. कात्री केशकर्तनालयातली होती, हे ऐकणाऱ्याला ठाऊकच असते. त्याचेच शब्दशः इंग्रजी ‘आय कट माय हेअर’ असे केले, की समोरचा इंग्रज आपल्या डोक्याकडे जरा काळजीने पाहतो. तेथे ‘आय हॅड माय हेअर कट’ असेच म्हटले पाहिजे. ‘दिवाळीला आम्ही घर रंगवले’ याचे ‘वी पेन्टेड अवर हाउस’ केले, तर शिडीवर आपण स्वतः चढलो होतो असा अर्थ होतो. शिडीवर रंगारी असेल, तर ‘वी हॅड अवर हाउस पेन्टेड’. ही इंग्रजांची हौस नव्हे. त्यांचे वाक्य येथे रंगाऱ्याला जागा ठेवते, आपले ठेवीत नाही. मराठीला ती ठेवता येत नाही, असे मात्र नाही. ‘रंगवून घेतले’ हे आपल्याजवळ आहेच. ते आळसाने मागे पडते, इतकेच. पहिल्या बाजीरावाने शनिवारवाडा बांधला, असे आपण म्हणतो. १७३० साली काम सुरू झाले, १७३२ साली वास्तुशांत झाली. या दोन वर्षांत पाथरवट, गवंडी, सुतार यांनी काय केले असेल? ‘बांधवून घेतला’ एवढे म्हटले, की ती सगळी माणसे आपापली हत्यारे घेऊन वाक्याच्या आत येऊन उभी राहतात.

राहता राहिले आत्मवाचक. ‘मायसेल्फ जोशी’ अशी ओळख करून देणारे सद्गृहस्थ आपल्याकडे जागोजाग भेटतात. मराठीतला ‘मी स्वतः’ त्यांच्या जिभेवर असतो. पण इंग्रजीतला ‘सेल्फ’ हा आरसा आहे. समोर कर्ता उभा असल्यावाचून आरशात काय दिसणार? ‘आय’ आधी हवा, मग ‘मायसेल्फ’. ‘शी सॉ हरसेल्फ इन द मिरर’ म्हणजे तिने स्वतःला पाहिले. तेथे नुसते ‘हर’ घातले, की आरशात दुसरीच बाई दिसते आणि रहस्यकथा सुरू होते! कित्येक ठिकाणी मात्र जे काम इंग्रज ‘सेल्फ’कडून करवतो, ते आपले ‘घेणे’ करून टाकते. पाहुण्याला ते ‘हेल्प युअरसेल्फ’ म्हणतात. आपण म्हणतो, ‘संकोच करू नका, हाताने वाढून घ्या.’

या बाबतीत मराठी तर इंग्रजीहून सरस आहे. ‘विनूने मित्राला आपली छत्री दिली’ म्हणजे छत्री विनूची. ‘त्याची छत्री दिली’ म्हणजे मित्राचीच त्याला परत केली. इंग्रजीच्या ‘हिज’मध्ये दोघेही एकाच छत्रीखाली भिजत उभे! परंतु अलीकडे इंग्रजीच्या वळणाने ‘तो त्याच्या आईला म्हणाला’, ‘ती तिच्या घरी गेली’ असे छापले जाते आणि ‘आपला’ हळूहळू परका होत चालला आहे. दुसऱ्याचे व्याकरण शिकताना आपल्या घरातले भांडे हरवावे, हा सौदा काही फायद्याचा नाही.

आणि आता त्या प्रश्नाची खरी निकड. कचेरीतून पत्र येते, ‘आपला अर्ज नामंजूर करण्यात आला आहे.’ कुणी केला? ‘रस्ता खोदण्यात आला.’ कुणी खोदला, कुणी खोदवला? वाक्यातून कर्ता गेला, की जाब विचारायला माणूसच उरत नाही. रावण रामाकडून मारला गेला, हे घोकणाऱ्या मुलाला ‘कडून’ केव्हा आणि का गाळले जाते, हेही ओळखता आले पाहिजे. मोठेपणी त्याच्या हाती अशी पत्रे येणार आहेत. कदाचित त्यालाच ती लिहावी लागणार आहेत.

याची सुरुवात घरातही करता येते. स्वयंपाकघरात आवाज होतो. मूल म्हणते, ‘बशी फुटली.’ जणू बशीच्याच मनात आले! लगेच ‘तू फोडलीस’ म्हणून दरडावणेही खरे नव्हे. कारण फोडण्याचा हेतू त्याचा नव्हता. या दोहोंमध्ये मराठीने एक फार समंजस वाट काढून ठेवली आहे. ‘माझ्या हातून फुटली.’ हेतू नाकारला, पण हात नाकारला नाही. इंग्रजीत एवढे सांगायला ‘बाय ॲक्सिडेंट’ची शेपटी जोडावी लागते.

तेव्हा या दिवाळीत पाहुणे चकल्यांची तारीफ करू लागले, की वाक्य जरा जपून करावे. ‘आम्ही केल्या’, ‘आम्ही करवून घेतल्या’ आणि ‘आमच्या सुनबाईंनी केल्या’ ही तीन निरनिराळी वाक्ये आहेत. सुनबाई आतून ऐकत असतील, तर त्यांना त्यांतला फरक कुठल्याही व्याकरणकारापेक्षा अधिक चांगला कळतो.